इंजेक्टर घरी बदलावा का? पाना हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके द्यायला लागली आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला. पुण्याला परतल्यावर गॅरेजमध्ये बोनेट उघडलं, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि लगेच निकाल आला, "नोझल गेलेत, चारही टाकावे लागतील." नोझल म्हणजेच इंजेक्टर, इंजिनात इंधनाचा फवारा मारणारा भाग. मी रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. घरी बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं, तर तिसऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक उंदराने कुरतडली होती. वरचं आवरण गेलं होतं आणि आतल्या तारांतल्या दोन-तीनच शिल्लक होत्या. वायरला नवा तुकडा जोडून सोल्डर केला, वर हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवली, आणि गाडी पहिल्यासारखी चालू लागली. इंजेक्टर मी जागचा हलवलाही नव्हता.

त्याच गाडीचा एक इंजेक्टर दोन वर्षांनी खरोखर गळायला लागला. तेव्हा मात्र मी ते काम घरीच केलं. दाजींच्या डिझेल गाडीला मी हात लावला नाही आणि त्यांनाही लावू दिला नाही. तिन्ही वेळा निर्णय दोनच प्रश्नांवर झाला. दोष इंजेक्टरचाच आहे हे पक्कं झालंय का? आणि या गाडीच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, दाब किती असतो? हत्यारं, वेळ आणि हाताची सवय यांचा विचार या दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर करायचा.

आधी गाडी कोणत्या जातीची ते ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत मल्टिपॉइंट इंजेक्शन असतं. इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, हवा आत जाते त्या वाटेवर बसवलेला असतो आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा फवारा मारतो. रेलमधला दाब साधारण ३ ते ४ बार, म्हणजे ४५ ते ६० पीएसआयच्या आसपास. टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. या गाड्यांचं काम काळजीपूर्वक करणाऱ्याला घरी जमू शकतं. सुझुकीच्या ड्युअलजेट इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीत आठ निघतात. पार्ट मागवण्याआधी हे लक्षात ठेवा.

दुसरी जात थेट इंजेक्शनची. मागे टीएसआय, जीडीआय किंवा टीजीडीआय अशी अक्षरं असली तर इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारा मारतो आणि दाब शंभर-दोनशे बारच्या घरात, काही इंजिनांत त्याहूनही वर जातो. इंजेक्टरच्या टोकाला टेफ्लॉनचं बारीक सील असतं. ते चढवायला शंकूसारखं आणि चढवल्यावर दाबून मापात आणायला वेगळं हत्यार लागतं. ते हत्यार नसताना बोटांनी ओढून चढवलेलं सील टिकत नाही. ही गाडी घरच्या कामाच्या यादीतून काढून टाका.

तिसरी जात कॉमन रेल डिझेल. १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन पुणेकरांच्या चांगल्या ओळखीचं, आपल्या जवळच्या रांजणगावातही ते बनायचं. त्याच्या रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत जातो. नंतरची इंजिनं २,००० च्याही पुढे गेली. डिझेलबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

इंजेक्टरच गेलाय कशावरून?

मिसिंग (सिलिंडरमध्ये मधूनमधून इंधन न पेटणं), पिकअप कमी होणं, अ‍ॅव्हरेज पडणं, सकाळी उशिरा स्टार्ट होणं ही इंजेक्टरची लक्षणं आहेतच. पण प्लग, इग्निशन कॉइल, चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला व्हॅक्यूम पाइप, थकलेला पेट्रोल पंप यांचीही लक्षणं हीच. म्हणून एकेकाला बाजूला काढत जायचं, स्वस्तातल्यापासून महागाकडे.

सुरुवात गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचण्यापासून करा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा डोंगल लावला की मोबाइलवर कोड दिसतात. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमधलं मिसिंग. पी०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असं मिसिंग. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या विजेच्या जोडणीचे कोड आहेत, आणि इथेच लोक घाई करतात. हा कोड इंजेक्टर खराब झाल्याचं सांगत नाही. त्या वाटेत कुठेतरी वीज अडते आहे, एवढंच तो सांगतो. वायर, कनेक्टर आणि इंजेक्टरची कॉइल या तिघांतलं कोणीही असू शकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीचा पहिला संशयित उंदीर, आणि पावसाळ्यात दुसरा म्हणजे कनेक्टरमधला हिरवट गंज.

कोड एखाद्या सिलिंडरवर बोट ठेवत असेल तर अदलाबदलीची तपासणी करा. माझ्या मते घरच्या घरी होणारी ही सर्वांत खात्रीची तपासणी. समजा तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग आहे. इंजिन बंद करून तिसऱ्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि गाडी चालवा. मिसिंग दुसऱ्यावर गेलं तर इग्निशन कॉइल खराब. जागचं हललं नाही तर प्लगची अदलाबदल करून बघा. तरीही तिसऱ्यालाच चिकटून राहिलं तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन एवढंच उरतं.

मग इंजिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. फॅन आणि बेल्टपासून केस, ओढणी, बाह्या दूर ठेवा. चांगला इंजेक्टर स्पष्ट टिकटिकतो. ३,००० आरपीएमला तो सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आयडलला त्यापेक्षा बराच सावकाश. तीन टिकटिकतायत आणि एक गप्प, असं असेल तर इंजिन बंद करून गप्प असलेल्याचा कनेक्टर काढा आणि मल्टिमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. साध्या पेट्रोल गाड्यांत थंड इंजिनावर तो साधारण १२ ते १६ ओहम असतो. नेमक्या आकड्याइतकंच चौघांचं एकमेकांशी जुळणंही महत्त्वाचं. तिघांचा १३ आणि एकाचा अनंत असेल तर त्या एकाची कॉइल तुटली आहे. चौघांचा सारखाच असेल तर दोष वायरीत असू शकतो किंवा इंजेक्टर आतून अडकलेला असू शकतो. अशा वेळी नॉइड लाइट नावाचा छोटा दिवा कनेक्टरमध्ये खोचून स्टार्टर मारा. दिवा लुकलुकला तर वीज येतेय. नाही लुकलुकला तर नवा इंजेक्टर टाकूनही काही होणार नाही.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुण्यात भरपूर आहेत, आणि त्यांच्या मालकांना एक तपासणी फुकटात मिळते. गाडी सीएनजीवर गुळगुळीत चालते आणि पेट्रोलवर टाकली की मिसिंग करते? मग प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन ठीक आहेत, कारण ते दोन्हीकडे सारखेच लागतात. दोष पेट्रोलच्या बाजूला आहे, इंजेक्टरमध्ये किंवा पंपात. दोन्हींवर मिसिंग असेल तर आधी प्लग-कॉइल बघा. या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्टर बिघडण्याचं एक कारणही ठरलेलं आहे. टाकीत तेच पाच लिटर पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, सकाळच्या स्टार्टपुरतं वापरलं जातं आणि इंजेक्टरच्या टोकाशी त्याचा चिकट थर बसतो. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवलं तर हा त्रास बराच टळतो.

गळणारा इंजेक्टर वेगळा ओळखू येतो. माझ्या गाडीचं असं व्हायचं: सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट, पण मंडईत अर्धा तास उभी करून परत आलं की दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागायचा, आणि स्टार्ट झाल्यावर सायलेन्सरमधून काळा भपकारा. गरम इंजिनात बंद गाडीचं पेट्रोल थेंब थेंब ठिबकत राहायचं आणि सिलिंडर ओला व्हायचा. चार प्लग काढून ओळीने ठेवले तेव्हा तीन तांबूस-करडे होते, एक काजळीने काळा. ऑइलची डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास. हे लक्षण दिसलं तर दिरंगाई नको. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगची झीज वाढते. इंजेक्टर बदलल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावेच लागतात.

मोबाइलवर फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) दिसत असेल तर तोही पाहा. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या दोन्हीकडे दहा टक्क्यांत असेल तर सहसा चिंता नाही. पंधरा-वीस अधिक म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा चोरून हवा आत येतेय, उणे पंधरा-वीस म्हणजे पेट्रोल जादा होतंय. अधिकचा आकडा आयडलला मोठा असून रेस दिल्यावर कमी होत असेल तर इंजेक्टर सोडा आणि व्हॅक्यूमची गळती शोधा.

बदलण्याआधी सफाई

इंजेक्टरची कॉइल शाबूत असेल आणि तक्रार फक्त फवाऱ्याची असेल, तर नवा घेण्याआधी बेंचवर सफाई करून घ्या. पुण्यात अल्ट्रासॉनिक सफाईचं मशीन असलेली गॅरेजेस सापडतात. फक्त एक अट आधीच सांगून ठेवा: सफाईच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा फ्लो टेस्ट तुमच्यासमोर झाली पाहिजे.

माझे चारही इंजेक्टर मशीनवर लावले तेव्हा जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. खाली काचेच्या चार नळ्या, वरून चार फवारे. तीन फवारे धुक्यासारखे, शंकूच्या आकाराचे. चौथ्यातून मधोमध एक धार आणि कडेला थोडे तुषार. पंधरा सेकंदांनी मशीन थांबवलं तर तीन नळ्यांतली पातळी एका रेषेत आणि चौथीची बोटभर वर. मग इंजेक्टर उघडणारी वीज (पल्स) बंद ठेवून नुसता दाब दिला. तिघांची टोकं कोरडी राहिली. चौथ्याच्या टोकावर एक थेंब जमला, लोंबला आणि पडला, आणि त्याच्यामागे दुसरा जमू लागला. सफाईनंतर धारेचं धुकं झालं, पण थेंब थांबला नाही. आतली सुई जिथे टेकते ती बैठकच झिजली होती. तो एक बदलायचा हे त्या थेंबाने ठरवलं.

टाकीत ओतायच्या इंजेक्टर क्लीनरबद्दल: हलका थर असेल तर एखाद्या टाकीला वापरून बघायला हरकत नाही. गळका इंजेक्टर किंवा तुटलेली कॉइल त्याने दुरुस्त होत नाही.

डिझेलला हात का लावू नये

दाजींचं म्हणणं साधं होतं: "चार बोल्ट तर आहेत, पेट्रोलचा तू बदललास ना?" मी त्यांना तीन कारणं सांगितली.

पहिलं, जीव. कॉमन रेलमधल्या दाबाने बारीक भेगेतून सुटलेली डिझेलची धार दिसतही नाही आणि ती कातडी भेदून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही कमी, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं कधी झालंच तर घरी मलम लावत बसू नका. तडक मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि चालू डिझेल इंजिनाची गळती हाताने चाचपून कधीच शोधू नका.

दुसरं कारण कोडचं. बहुतेक कॉमन रेल इंजेक्टरच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा एक कोड असतो. तो विशिष्ट इंजेक्टर किती मोजून डिझेल सोडतो, याची ती ओळख. नवा बसवला की हा कोड त्या सिलिंडरच्या नावावर ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो आणि त्याला योग्य स्कॅनर लागतो. साध्या डोंगलने ते होत नाही. कोड न भरता गाडी चालली तरी आयडल डळमळतो, धूर येतो, टकटक वाढते.

तिसरं, इंजेक्टर बाहेर काढणं. जुना डिझेल इंजेक्टर हेडमध्ये कार्बनने जखडलेला असतो. त्याच्या बुडाचं तांब्याचं वॉशर गळत असेल तर भोवती डांबरासारखा काळा, कडक थर जमतो आणि इंजिनातून फस-फस आवाज येतो. असा इंजेक्टर ओढायला स्लाइड हॅमर आणि अनुभव लागतो. जोर चुकला तर इंजेक्टर अर्ध्यात तुटतो किंवा हेडमधले आटे जातात, आणि मग हेड उतरवावं लागतं. डिझेलचा एक नवा इंजेक्टरच पाच आकड्यांत जातो. त्यात हेडचा खर्च मिळवला तर वाचवलेल्या मजुरीचा हिशोब काय राहिला?

डिझेलवाल्यांनी डोळसपणे काम करून घ्यावं. बॅक लीक टेस्ट मागा. त्यात प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला बाटली लावून परत येणारं डिझेल मोजतात. एकाच बाटलीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय, म्हणून रेलमध्ये दाब तयार होत नाही आणि गाडी स्टार्ट व्हायला वेळ लागतो. बसवताना तांब्याची वॉशर नवीनच टाकायला सांगा, आणि कोड भरल्याचा स्क्रीन स्वतः पाहा. एकाच सिलिंडरमधून जोराची टकटक आणि सोबत पांढरा किंवा काळा धूर येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. अडकून उघडा राहिलेला डिझेल इंजेक्टर पिस्टन जाळतो.

मल्टिपॉइंट पेट्रोल असेल, तरी थांबून हिशोब करा

गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही, सर्व्हिस सेंटरला न्या. वॉरंटी संपली असेल तर गॅरेजकडून तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या: इंजेक्टर, ओ-रिंग (इंजेक्टरच्या टोकांवरची गळती रोखणारी रबरी कडी) आणि मजुरी. तुमच्या हातात वाचते ती फक्त मजुरी. तिच्यातून टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आणि फ्युएल लाइन सोडवायचं हत्यार विकत घ्यायचं असेल, तर पहिल्या वेळी फारसं काही वाचत नाही. पण पुण्यासारख्या गावात शेजारीपाजारी कोणी ना कोणी पिंपरी, भोसरी किंवा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात कामाला असतं. विचारा, टॉर्क रेंच मिळून जातो.

जागेचा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागेत साचते आणि बेसमेंटमध्ये मीटरची खोली, पाण्याच्या मोटारी, लिफ्टचं पॅनेल असतं. एक ठिणगी पुरते. मोकळं अंगण किंवा उघडं पार्किंग नसेल तर उत्तर "गॅरेज" असंच आहे. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी असलाच पाहिजे. आणि सोमवारी गाडी उभी राहिली तर ऑफिसला दुचाकीने जाता येईल ना, तेही पाहून ठेवा. अंगावर घाई असली की ओ-रिंग चिमटते.

पार्ट शनिवारपर्यंत आणून ठेवा. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, पण गाडीचं नाव आणि साल एवढंच सांगून घेऊ नका. इंजेक्टरच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवा, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात इंजेक्टर बदललेले असतात. पक्कं बिल घ्या. नकली माल दिसायला हुबेहूब असतो, बेंचवर फवारा पाहिल्यावर फरक कळतो. जुन्या बाजारातला वापरलेला इंजेक्टर नको, त्याची झीज बाहेरून दिसत नाही. ओ-रिंग मात्र चारही इंजेक्टरच्या, वरच्या आणि खालच्या, नव्याच घ्या, एकच इंजेक्टर बदलणार असलात तरी. जुन्या गाडीत हल्लीचं ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जात असेल तर व्हायटॉनच्या ओ-रिंग मागा, साध्या रबरापेक्षा त्या इथेनॉलला जास्त टिकतात.

एक बदलायचा की चारही? कॉइल तुटल्यामुळे एक गेला असेल आणि बाकीचे बेंचवर सारखे भरत असतील, तर एकच पुरे. फ्लोमध्ये दोन-तीन मागे पडत असतील तर चारही टाका.

कामाला हात घालताना

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी फ्यूज बॉक्समधला पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि गाडी स्टार्ट करा. रेलमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालेल आणि बंद पडेल. मग तीन-चार सेकंद सेल्फ मारा म्हणजे उरलेला दाब उतरेल. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून बाजूला बांधून ठेवा. इतकं केलं तरी पाइपमध्ये कपभर पेट्रोल उरतंच, म्हणून चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. आसपास कोणी सिगारेट ओढणार नाही आणि देवाचा दिवाही जवळ नसेल, याची खात्री करा.

एअर फिल्टरची डबी आणि नळी काढली की रेल दिसते. आता सोडवायची घाई नको. आधी इंजेक्टरच्या बुडाभोवतीची धूळ ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा. पुण्याच्या रस्त्यांवरची माती तिथे दाबून बसलेली असते, आणि इंजेक्टर उचलला की तीच खाली व्हॉल्व्हवर पडते. मी या एका कामाला वीस मिनिटं दिली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

मोबाइलवर फोटो काढा. कनेक्टरवर कागदी टेपने १ ते ४ आकडे घाला. कनेक्टरची क्लिप दाबून तो सरळ ओढा, वायर धरून ओढू नका. दहा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि क्लिप तुटते. फ्युएल पाइपच्या जोडाभोवती सुती फडकं गुंडाळा आणि मगच सोडवा. रेलचे बोल्ट काढल्यावर रेल दोन्ही हातांनी, दोन्ही टोकं सारखी ठेवत, हलकेच डोलवत वर घ्या. स्क्रूड्रायव्हर खाली घालून तरफेसारखी उचलू नका.

रेल बाहेर आली की लगेच इंजेक्टरची टोकं मोजा. चारही ओ-रिंग टोकांवरच आहेत का? माझ्या गाडीत दुसऱ्याची ओ-रिंग खालच्या भोकातच राहिली होती. एका बाजूने सपाट झालेली, नखाने दाबली तर वाकण्याऐवजी तडकणारी. ती न दिसता वर नवी बसवली असती तर हवा गळत राहिली असती, आणि मी पुन्हा इंजेक्टरवरच संशय घेतला असता. भोकं तपासून झाली की त्यांत स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं घाला. मोजून चार फडकी, आणि काढतानाही मोजून चार.

नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने चोळा. ग्रीस नको, ते फवाऱ्याच्या भोकाशी जातं. इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवा, थोडा फिरवत, सरळ दाबत. क्लिप खाचेत बसल्याचा आवाज येतो. मग चारही टोकं एकदम आपापल्या भोकांवर आणून तळव्यांनी सारखा दाब द्या. अडतंय असं वाटलं तर थांबा, वर घ्या आणि ओ-रिंग वळलीय का पाहा. रेलचे बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवा आणि मग आलटून पालटून टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत. मॅनिफोल्ड प्लास्टिकचं किंवा अॅल्युमिनियमचं असतं, अंदाजाने आवळलं तर आटे जातात. बोल्ट घट्ट झाल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी किंचित फिरला पाहिजे. एखादा जाम असेल तर तो तिरका बसलाय.

फ्युएल पाइप क्लिक होईपर्यंत दाबा आणि उलटा ओढून बघा, निघता कामा नये. कनेक्टर, पंपाचा फ्यूज, मग बॅटरी. आता स्टार्ट करायचं नाही. चावी ऑनवर नेऊन दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा ऑन. असं तीनदा केलं की पंप रेल भरतो. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोड पाहा आणि कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला डाग दिसला किंवा वास आला तर गाडी स्टार्ट करू नका, रेल पुन्हा काढा. सगळं कोरडं असेल तरच सेल्फ मारा. पहिल्या क्षणी इंजिन थोडं अडखळतं, रेलमधली हवा निघेपर्यंत. पाच मिनिटं आयडलला ठेवून जोड पुन्हा पाहा, आणि इंजिन गरम झाल्यावर आणखी एकदा.

पहिल्यांदा करणाऱ्याने सकाळचे चार तास धरून ठेवावेत. कोड पुसून एक फेरी मारा. मी जुन्या कात्रज घाटाने वर जाऊन आलो, कारण चढावर, कमी आरपीएमला, जोर लागतो तिथेच मिसिंग बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी डोंगल लावून ट्रिमचे आकडे लिहून ठेवा आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा. माझा लाँग टर्म ट्रिम उणे अठरावरून उणे तीनवर आला होता. फडक्यांत भिजलेलं पेट्रोल उन्हात, मोकळ्यावर सुकू द्या. भांड्यात जमलेलं गटारात ओतू नका, ते मुठेतच जातं. जुना इंजेक्टर पिशवीत घालून त्यावर तारीख, किलोमीटर आणि सिलिंडर नंबर लिहा आणि गाडीच्या सर्व्हिसच्या फाइलला लावून ठेवा.